चार गोधड्या, एक फरशी

एका गोधडीला पसरायला ५ बाय ७ फूट जागा लागते, आणि गुडघ्यांवर तिच्याभोवती फिरायला सगळ्या बाजूंनी आणखी फूट-दीड फूट. म्हणजे नाशिकमधल्या साध्या फ्लॅटची १० बाय १०ची खोली, भिंतीला टेकवलेलं मशीन आणि कपाट धरून, एका गोधडीत भरून जाते. दुसरी पसरताच येत नाही. आणि घरून काम करणाऱ्याच्या हातात एका वेळी कधीच एक गोधडी नसते. एक नवी असते, एक बारशाचं दुपटं असतं, एक कुणाच्या आजीची फाटकी, आणि एक नुसता काठ बदलायला आलेली. चारही जणांना तारीख दिलेली असते.

वेळ पुरत नाही, असं सगळेच म्हणतात. माझ्या मते वेळेच्या आधी फरशी संपते. म्हणून कामांची यादी तारखेने लावण्याऐवजी जागेने लावावी. गोधडीचं काम चार ठिकाणी होतं: फरशीवर थर लागतात, मांडीवर धावदोरा पडतो, मशीनवर तुकडे जोडले जातात, आणि गच्चीवर धुणं-वाळवणं होतं. चार कामं चार ठिकाणी असली तर ती एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन कामं एकाच ठिकाणी आली की एक अर्धवट उचलून ठेवावं लागतं, आणि खरा बिघाड तिथे होतो. गोधडी काही टप्प्यांवर खुशाल थांबते, महिनाभर तशीच राहिली तरी चालतं. काही टप्प्यांवर थांबवली की बिघडते. हे टप्पे ओळखता आले की चार काय, सहा कामंही घरात नांदतात.

अजिबात थांबत नाही असं काम एकच, थर लावणं. फरशी पुसून पूर्ण वाळू द्यायची. खालचं कापड उलटं अंथरायचं आणि कडेने फूटभर अंतरावर चिकटपट्टीने फरशीला धरायचं. ते सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर वर सगळं नीट दिसतं, पण पट्ट्या काढल्या की खालचं कापड आकसतं आणि गोधडीच्या पाठीवर चुण्या पडतात. त्या मग कितीही धुतलं तरी जात नाहीत. त्यावर आतले थर, एकेक करून. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारत न्यायचा. आतल्या थरांत जोड असतातच, पण दोन थरांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, दोन इंच तरी सरकवायचे. पाच थरांच्या शिवणी एकाच रेषेत आल्या की तिथे दोरीसारखा उंचवटा होतो, सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो रोज टोचतो. वरचं आणि खालचं कापड आतल्या थरांपेक्षा सगळीकडून दीड इंच मोठं ठेवायचं, म्हणजे काठ दुमडताना तो जाड होत नाही.

मग कच्चा टाका. दोन-दोन इंचांचे लांब टाके, आधी मधोमध उभी-आडवी ओळ, मग दोन्हीकडे चार-चार इंचांवर समांतर ओळी. याला अडीच-तीन तास लागतात आणि तेवढे सलग हवेत. अर्ध्यावर उठून थर गोळा केले की ते सरकतात, आणि पुन्हा पसरताना पहिल्यासारखे बसत नाहीत. त्यामुळे थर लावायचा दिवस आधी ठरवावा आणि त्या दिवशी घरात पाहुणे, गॅसवर दूध, दाराशी कुरिअर यातलं काहीच नको. कच्चा टाका पूर्ण झाला की गोधडी सुरळी करून कपाटावर ठेवता येते. आता ती थांबू शकते.

इथे एक गोष्ट नाशिकच्या हवेपुरती सांगण्यासारखी आहे. घाईत अनेक जण कच्च्या टाक्याऐवजी सेफ्टी पिना लावतात, दर चार इंचांवर एक. काम झटपट होतं, आणि उन्हाळ्यात ते चालतंही. पण जूनमध्ये पिना लावलेली गोधडी ऑगस्टपर्यंत बोचक्यात राहिली तर पिना गंजतात आणि गोधडीभर तांबूस ठिपके उठतात. गंजाचा डाग साबणाने निघत नाही, आणि तो पडलेल्या जागी कापडही हळूहळू विरतं. कापडात खोचून ठेवलेल्या सुईचंही तेच. म्हणून जे काम पावसाळाभर थांबणार आहे, त्यात धातू ठेवायचा नाही.

कापडाचा हिशेब लोकांना नेहमी कमी वाटतो. ५ बाय ७ फुटांची, म्हणजे ६० बाय ८४ इंचांची गोधडी सव्वातीन चौरस मीटर भरते. पाच थरांना सव्वासोळा. साडेपाच मीटरच्या, पंचेचाळीस इंच पन्ह्याच्या सहावारीत साधारण सहा चौरस मीटर कापड निघतं. तीन साड्यांत हिशेब बसतो खरा, पण जुन्या साडीचा निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो काढून टाकावा लागतो. म्हणून चार मागाव्यात. नऊवारी असेल तर सव्वाआठ मीटर लांबी मिळते, तीन पुरतात. कापड उजेडासमोर धरून पाहावं. जिथून बोटं स्पष्ट दिसतात तो भाग वरच्या थराला नको, आत चालेल. आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकं ओढल्यावर जो भाग फाटतो तो आतही नको.

१९७० नंतरच्या घरांतल्या बोचक्यांत नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या हमखास निघतात. भांडीवाली त्या घेते, गोधडीने घेऊ नयेत. त्या घाम शोषत नाहीत, थरात सरकतात, आणि सुती कापड धुतल्यावर आटतं तेव्हा त्या आटत नाहीत, म्हणून फुगे येतात. ओळखू येत नसेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. खालच्या थराला नवं मांजरपाट घ्यायचं असेल तर आधी धुऊन घ्यायलाच हवं. मालेगावच्या मागावरून आलेलं कोरं कापड खळीचं असतं. पहिल्या धुण्यात ते शंभराला पाच या मापाने आटलं, तरी ८४ इंचांतले चार इंच गेले, आणि तेवढी वरची साडी सुरकुतली. खळ न काढलेल्या कापडाला कसरही लवकर लागते.

मशीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुकडे जोडायला १४ नंबरची सुई, थरांतून टीप मारायची तर १६ नंबरची आणि टाका तीन मिलिमीटरचा. चारही कामांचे जोड एकाच बैठकीत, एकाच रंगाच्या दोऱ्यावर उरकावेत. फिकट राखी रंग बहुतेक कापडांत मिसळून जातो.

मांडीवरचं काम मात्र सगळ्यात लांब चालतं. एकेका इंचावर धावदोऱ्याची ओळ धरली तर ६० बाय ८४च्या गोधडीत १२८ मीटर ओळ होते. दोरा वर-खाली जातो, म्हणून प्रत्यक्षात दीडशे मीटरच्या आसपास लागतो. एका वेळी ओवलेल्या दोऱ्यातला ७५ सेंटिमीटर कामी येतो असं समजलं तर दोनशे वेळा सुई ओवायची. तारीख द्यायच्या आधी घड्याळ लावून एक सुईभर दोरा शिवून पाहावा. दहा मिनिटं लागली तर पूर्ण गोधडीला ३३ तास, रोज दोन तास बसलं तर १७ दिवस. अर्ध्या इंचावर ओळी हव्या असतील तर दुप्पट. ‘आठ दिवसांत देते’ असं सांगण्याआधी हा गुणाकार करावा, म्हणजे शब्द पाळता येतो.

कडेपासून आत, चौकोनी फेरे घालत जाण्याची पद्धत आपल्याकडच्या हाताला बसलेली आहे. तिच्यात एक सोय आहे. इंचाच्या अंतराने तीस फेऱ्यांत गोधडी भरते, पण पहिला फेर २४ फुटांचा आणि शेवटचे अगदी आखूड, त्यामुळे दहा फेऱ्यांतच जवळजवळ अर्धं काम झालेलं असतं. पहिल्या आठवड्यात गोधडी सरकतच नाही असं वाटतं, तेव्हा हा हिशेब आठवावा. आणि त्यात एक धोकाही आहे. सैल कापड दर फेऱ्यागणिक मधोमध ढकललं जातं. कच्चा टाका दाट नसेल तर वीस फेऱ्यांनंतर मधे फुगा उभा राहतो. तो दाबून शिवला तर कायमची चुणी पडते. फुगा दिसू लागला की पुढचे फेरे थांबवायचे, आतले कच्चे टाके उसवायचे, वरचं कापड ओल्या हाताने चारही दिशांना सारायचं, आणि तरी उरला तर जोडाच्या शिवणीत अर्ध्या इंचाची दुमड घ्यायची. ती शिवणीतच मिसळून जाते.

हे काम कुठेही थांबवता येतं असं वाटतं, पण त्यालाही शिस्त आहे. सुईतला दोरा संपवूनच उठायचं. अर्धा दोरा सुईसकट सोडला की तो गुंततो, आणि परत आल्यावर हाताचा ओढा बदललेला असतो, त्या ठिकाणी टाके एकदम घट्ट किंवा ढिले दिसतात. दोघी मिळून शिवत असतील तर एक पूर्ण फेर एकीने घालावा, पुढचा दुसरीने. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो, आणि फेरागणिक बदलला तर तो नक्षीसारखा वाटतो, फेराच्या मधेच बदलला तर चुकीसारखा. गडद कापडावरचं काम दिवसा, दारासमोर. संध्याकाळी दिव्याखाली फिकट कापड घ्यावं. चार गोधड्या हातात असण्याचा फायदा इथे दिसतो. उजेड बदलला की गोधडी बदलायची.

दुरुस्तीला आलेली गोधडी आल्या आल्या पसरू नये आणि धुऊ तर मुळीच नये. आधी फोटो, माप, आणि देणाऱ्याला एकच प्रश्न: ही पांघरायची आहे की ठेवायची? त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. पांघरायची असेल तर मजबुती पाहायची, ठिगळ दिसलं तरी चालतं. ठेवायची असेल तर जे आहे ते तसंच टिकवायचं, नवं कमीत कमी घालायचं. हे न विचारता केलेली दुरुस्ती कितीही सुबक असली तरी लोक दुखावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. ज्या पदरावर आईचा हात फिरलेला असतो, तो पदर बदलायचा अधिकार आपला नसतो.

मग कोपरा उघडून बघायचा. पायथ्याकडचा, कमी दिसणारा कोपरा निवडायचा आणि काठाचे टाके तीन-चार इंचांपर्यंत काढायचे. प्रत्येक टाका लहान कात्रीने मधे कापून चिमट्याने उचलायचा. दोरा एका टोकाने ओढला तर विरलेलं कापड दोऱ्याबरोबर येतं. कोपरा सुटला की थर एकेक करून उलगडतात. वर छापील सहावारी, धुऊन धुऊन तिची फुलं नुसत्या सावल्यांसारखी उरलेली. तिच्याखाली पिवळं पडलेलं धोतर, त्याखाली हिरव्या लुगड्याचा तुकडा. त्याला उजेड कधी लागला नाही, म्हणून तो अजून कैरीसारखा हिरवा. कधी मधला थर म्हणजे दुसरी, आणखी जुनी गोधडीच असते, तिच्या स्वतःच्या टाक्यांसकट. हे पाहिल्यावर त्या आतल्या रंगाशी जुळणारं ठिगळ शोधायचा मोह होतो. तो टाळावा. ठिगळ वरच्या, विटलेल्या रंगाशी जुळलं पाहिजे, नाहीतर ते डोळ्यांत भरतं.

ठिगळाचं कापड जुनं, मऊ, अनेकदा धुतलेलं हवं. विरलेल्या साडीवर नवं जाड कापड लावलं की ते टिकतं आणि त्याच्या कडेला साडी फाटते. भोक बुजतं आणि त्याच्याभोवती चौकोनी भेग पडते. म्हणून ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून इंचभर मोठं, शिवाय दुमडायला पाव-अर्धा इंच, म्हणजे त्याचे टाके धडधाकट कापडात पडतात. ठिगळाचा उभा धागा गोधडीच्या उभ्या धाग्याशी जुळवायचा. तिरका लावला तर धुतल्यावर ठिगळ पीळ खातं. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की तो तुटत नाही, कापड कापतो. दोरा तुटला तर परत घालता येतो, कापड गेलं की गेलं. याच कारणाने जुन्या गोधडीवर मशीनची टीप नको. जवळजवळ पडलेल्या भोकांच्या रेषेवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

दुरुस्तीचा क्रम मोडू नये. आधी धूळ झाडायची, तीही जाळीखाली ठेवून. मग फाटलेल्या जागा कच्च्या टाक्यांनी पकडायच्या, नंतर धुवायची असेल तर धुणं, पूर्ण वाळवणं, मग ठिगळं, मग तुटलेल्या ओळी जुन्याच भोकांतून पुन्हा घालणं, आणि काठ सगळ्यात शेवटी. काठ आधी बांधला की आतलं सैल कापड कुठेच जाऊ शकत नाही. जुना काठ कापून टाकायचा नाही, त्यावरच नवा चढवायचा. ६० बाय ८४ला २८८ इंच काठ लागतो, म्हणजे सव्वासात मीटर, जोड आणि कोपऱ्यांना आणखी फूटभर. एका सहावारीच्या दोन्ही बाजूंचे काठ मिळून ११ मीटर होतात, तेव्हा एक साडी पुरून उरते. तो काठ मात्र आधी दोनदा धुऊन घ्यावा. साडीच्या अंगापेक्षा काठाची वीण घट्ट असते आणि तो वेगळ्या मापाने आटतो.

काही गोधड्या शिवण्यापलीकडे गेलेल्या असतात. चिमटीत धरल्यावर कापडाची भुकटी होते. जुन्या सुती छापात काळा किंवा गडद तपकिरी भाग आधी जातो, कारण त्या रंगात लोखंडाचा अंश असतो आणि तो सूत खातो. अशा वेळी एकेक ठिगळ लावत बसू नये. वर आणि खाली तलम मलमल घालून मधे गोधडी ठेवावी आणि जुन्या ओळींच्या बाजूने विरळ टाके घालावेत, म्हणजे भार नव्या कापडावर येतो. वरून जुना रंग धूसर का होईना, दिसत राहतो.

येवला जवळ असल्याने आपल्याकडे जुन्या पैठण्याही येतात: ‘हिचा पदर गोधडीच्या मधे घाला.’ रेशीम आणि जरीची तार सुती गोधडीसारखी धुता येत नाहीत, जरीची तार बाजूच्या धाग्यांना घासते, आणि वर्षानुवर्षांच्या घडीवर रेशीम आधीच चिरलेलं असतं. पदराला मागून मलमलचं अस्तर देऊन त्याची वेगळी, न धुण्याची, भिंतीवर लावायची चौकट करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

गच्चीचं काम ऋतूवर आहे, त्याला आपला इलाज नाही. मृग लागायच्या आत धुण्याची सगळी कामं संपायला हवीत. फेब्रुवारी ते मे या काळात नाशिकला सकाळी आठला घातलेली गोधडी बहुधा संध्याकाळपर्यंत आतून कोरडी होते. जुलैत तीच चार दिवस दमट राहते, आणि आतल्या थराला बुरशीचा वास धरला की तो काढणं अवघड. धुण्याआधी प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहायचं. लाल किंवा निळा उतरला तर गोधडी भिजत घालायची नाही. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग थांबतो, हा समज जुना आहे, पण ते होत नाही. सुकी दीड-दोन किलोची गोधडी पाणी प्यायली की एकटीला उचलवत नाही, आणि एका दोरीवर टाकली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात. बाजेवर आडवी पसरावी, नाहीतर दोन दोऱ्यांवर झोळीसारखी. पावसाळ्यात गच्ची बंद, म्हणून ते चार महिने मांडीचे. दसऱ्यानंतर मागणी एकदम वाढते, कारण निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की सगळ्यांना गोधडी आठवते. तेव्हा ज्यांचे थर सप्टेंबरआधी लागलेले असतात तेवढ्याच गोधड्या वेळेवर जातात.

थांबलेलं काम सुती बोचक्यात किंवा उशीच्या जुन्या अभ्र्यात ठेवावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. सोबत त्याच कामाचा दोरा, उरलेल्या चिंध्या, आणि कोपऱ्याला शिवलेली नाडी, तिच्यावर पेन्सिलीने: ‘६० × ८४, ५ थर, ओळ १ इंच, दोरा पांढरा, फेर ११ झाले, डाव्या कोपऱ्यातून पुढे.’ शाईने लिहू नये, ओल लागली की ती कापडावर उतरते. महिन्याने बोचकं उघडल्यावर ही एक ओळ अर्धा तास वाचवते. कडुनिंबाचा वाळका पाला पुडीत बांधून घालावा. डांबरगोळ्या बाळाच्या दुपट्याजवळ अजिबात नकोत. त्यांची वाफ कपड्यांत बसते आणि काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटतात. दुपटं ३६ बाय ३६चं, तीन थरांचं, एका संध्याकाळी त्याचे थर लागतात. म्हणून मोठ्या गोधडीची सुरळी कपाटावर गेली की त्याच दिवशी फरशीवर दुपटं घ्यावं.

शेवटचे फेरे मधोमध येतात तेव्हा गोधडी मांडीवर सगळ्यात जड असते आणि सुईला जागा सगळ्यात कमी. इथे घाई करून टाके लांब टाकले जातात, आणि पुढे गोधडी सैल पडते ती इथूनच. फेर संपला की दोऱ्याला छोटी गाठ मारायची, सुई शेवटच्या टाक्याशेजारून थरांत घालून दोन इंच पुढे काढायची, दोरा हलका झटका देऊन ओढायचा म्हणजे गाठ आत जाते, आणि शेपूट कापडालगत कापायचं. मग कच्चे टाके कडेकडून काढायला घ्यायचे आणि सगळ्यात शेवटी नाडी उसवायची.